घरचा तलाव, शेवाळ आणि यत्नाचार

सांगली-सातारा भागातील जैन घरांत एका पिढीपूर्वीपर्यंत दिवसाची सुरुवात पाणी गाळण्याने होत असे. आडावरून किंवा विहिरीवरून आणलेले पाणी जाड, दुपदरी सुती गाळण्यातून घागरीत उतरत असे. गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव गाळलेल्या पाण्याने हळुवार धुऊन ते पाणी त्याच विहिरीत परत सोडले जाई. त्याला जिवाणी म्हणत. गाळलेल्या पाण्याची मर्यादाही ठरलेली होती: दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे. त्यानंतर तेच पाणी वापरायचे असेल, तर पुन्हा गाळायचे. घरातील आजी हे सारे न सांगता करीत असे आणि नातवंडे पाहून शिकत असत.

आज त्याच घरांतील काही कुटुंबांच्या मळ्यात किंवा बंगल्याच्या आवारात पोहण्याचा छोटा तलाव आहे. पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल असा तलाव धरला, तर त्यात सुमारे ३८,००० लिटर पाणी मावते. मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडे येतात, तलाव भरला जातो, आठ-पंधरा दिवस घर गजबजते. जूनमध्ये मुले परत जातात, पंप बंद होतो, पाण्यावर ताडपत्री पडते. श्रावणात कोणीतरी ताडपत्री उचलतो, तेव्हा खाली गर्द हिरवे पाणी असते आणि पायऱ्यांवर बुळबुळीत थर चढलेला असतो.

अशा वेळी बहुधा दोनच मार्ग सुचतात: सगळे पाणी सोडून द्यायचे किंवा औषधांचा जबर मारा करायचा. पहिल्या मार्गाने पाणी वाया जाते, दुसऱ्याने पैसा जातो, आणि जीवहानी दोन्ही मार्गांत मोठी होते. तिसरा मार्ग आजीच्या गाळण्याच्या जातीचा आहे. तो म्हणजे शेवाळ येऊच न देणे.

प्रमाद आणि दक्षता

जैन विचारात शेवाळाला क्षुद्र मानलेले नाही. ते साधारण वनस्पतिकायात गणले जाते. एकाच शरीराच्या आश्रयाने अनंत जीव राहतात, असे त्याचे स्वरूप सांगितले आहे. वर्षाकाळात भूमीवर हिरवळ, शेवाळ आणि सूक्ष्म जीव वाढतात, म्हणूनच साधू-साध्वी विहार थांबवून एका ठिकाणी चातुर्मास करतात. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमादाचा उल्लेख आहे. केवळ प्राणघात एवढाच तेथे विचार नाही. बेसावधपणातून झालेला प्राणघात, हा आहे.

गृहस्थाच्या जीवनातील आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही. तलावाच्या पाण्यात रोज थोडा क्लोरीन सोडला, तरी सूक्ष्म जीवांचा घात होतोच; ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु रोजच्या अल्प दक्षतेत होणारा घात आणि महिनाभर दुर्लक्ष करून वाढू दिलेला हिरवा विस्तार एका रात्रीत नष्ट करणे, यांत फार अंतर आहे. शेवाळ मारण्याची वेळ आली, याचा अर्थ आधी कोठेतरी प्रमाद झाला. यत्नाचार हा शब्द केवळ स्वयंपाकघरापुरता नाही. तो पंपाच्या खोलीलाही लागू आहे.

तलाव मुळात असावा का, हा प्रश्नही परिग्रह-परिमाणाच्या अंगाने प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा असा आहे. वर्षातून पंधरा दिवस वापर होणार असेल, तर न बांधणे हेच उत्तम. परंतु जो आधीच बांधला आहे, तो नीट सांभाळणे हे कर्तव्य ठरते.

पाण्याचे मोल

हे कर्तव्य या दोन जिल्ह्यांत अधिक जाणवते. महाबळेश्वर परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी-जत हा भाग मात्र पर्जन्यछायेत येतो. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने होरपळलेल्या लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. एका टाकीत साधारण पन्नास हजार लिटर. म्हणजे वर सांगितलेला घरगुती तलाव एकदा रिकामा करणे, हे त्या गाडीच्या एका टाकीतील तीन चतुर्थांश पाणी जमिनीवर ओतून देण्यासारखे आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ येथील ऑलिंपिक स्पर्धेत उड्या मारण्याच्या तलावाचे पाणी सर्व जगासमोर हिरवे झाले. पाठोपाठ शेजारच्या तलावाचाही रंग पालटला. चौकशीत असे आढळले, की उद्घाटनाच्या दिवशी तलावांत हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते. या द्रव्याने पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ केला आणि शेवाळासारख्या सेंद्रिय वाढीला वाट मोकळी झाली. एका तलावाचे सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून तेथे दुसऱ्या तलावाचे पाणी घ्यावे लागले. मिरजेच्या त्या पहिल्या गाडीच्या सातपटीहून अधिक पाणी एका चुकीने बदलावे लागले. तेथे तज्ज्ञ, यंत्रे आणि पैसा यांची वाण नव्हती. पाण्याचे रक्षण करणारा क्लोरीन उरला आहे की नाही, याची वेळेवर तपासणी तेवढी झाली नाही.

शेवाळ का येते?

शेवाळाचे बीज वाऱ्याने, पावसाने, पक्ष्यांच्या पायांनी आणि पोहणाऱ्यांच्या कपड्यांनी सतत येत असते. ते रोखता येत नाही. त्याला वाढण्यासाठी ऊन, ऊब, अन्न आणि स्थिर पाणी लागते. या गोष्टी एकत्र आल्या आणि क्लोरीन संपला, की दोन-तीन दिवसांत पाण्यावर हिरवी झाक येते.

अन्नाचा पुरवठा आपल्या भागात मुबलक आहे. उसाच्या आणि द्राक्षांच्या पट्ट्यात शेतीला दिलेल्या खतांतील नायट्रेट भूजलात उतरते आणि बोअरच्या पाण्याबरोबर तलावात येते. धूळ, माती, आंब्याची पाने आणि मोहोर यांतून फॉस्फेट मिळते. महापुराचे पाणी तलावात शिरले, तर गाळाबरोबर या अन्नाचा साठाच येतो. अशा वेळी आधी गाळ काढावा, औषधांचा विचार नंतर करावा.

स्थिर पाण्याचे मर्म आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. सातारा शहराजवळील लिंब गावची बारा मोटांची विहीर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शाहू महाराजांच्या काळात बांधली गेली. खोल, दगडी, अष्टकोनी अशी ही विहीर आजही पाहायला लोक येतात. ज्या विहिरीवर मोटा चालत, तिचे पाणी रोज उपसले जाई आणि झऱ्यांतून नवे येई. खोलीमुळे उन्हाचाही शिरकाव कमी असे. उपसा थांबलेल्या विहिरी मात्र हिरव्या पडलेल्या प्रत्येकाने पाहिल्या आहेत. घरच्या तलावाला झरा नसतो. त्याची मोट म्हणजे पंप आणि त्याचे गाळणे म्हणजे वाळूचा फिल्टर.

रोजची दक्षता

तलावातील सर्व पाणी दिवसातून किमान एकदा फिल्टरमधून गेले पाहिजे. ३८,००० लिटरच्या तलावाला तासाला पाच हजार लिटर गाळणारा पंप असेल, तर त्याला सुमारे आठ तास लागतात. उन्हाळ्यात हा वेळ वाढवावा. तलाव वापरात नसला, तरी पंप बंद ठेवू नये. शेवाळाचा आरंभ बहुधा याच काटकसरीतून होतो. फिल्टरवरील दाबमापक स्वच्छ स्थितीत जो आकडा दाखवतो, तो लिहून ठेवावा. त्यापेक्षा आठ ते दहा पीएसआय दाब वाढला, की उलट्या प्रवाहाने वाळू धुवावी, म्हणजे बॅकवॉश करावा.

आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, भिंती, कोपरे, पायऱ्या आणि शिडीच्या मागची जागा ब्रशने घासावी. पाणी तेथे कमी फिरते आणि शेवाळाचा पहिला थर तेथेच धरतो.

क्लोरीन आणि सामू यांची तपासणी रोज व्हावी. त्यासाठी साधा टेस्ट किट पुरतो. सामू हा शब्द शेतकरी कुटुंबांना मातीपरीक्षणामुळे परिचित आहे. तलावाच्या पाण्याचा सामू ७.२ ते ७.६ च्या दरम्यान ठेवावा. क्लोरीनचा खरा प्रभाव सामूवर अवलंबून असतो. सामू ७.५ असताना पाण्यातील मुक्त क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोरकस रूपात असतो, सामू ८.५ झाला, की तो भाग सुमारे एक दशांश उरतो. आपल्याकडील कठीण, क्षारयुक्त बोअरच्या पाण्याचा सामू वर चढत राहतो. म्हणून पुष्कळदा क्लोरीन घालूनही पाणी हिरवे होते आणि दोष औषधाला दिला जातो.

मुक्त क्लोरीन २ ते ४ पीपीएम, म्हणजे दर लिटरला २ ते ४ मिलिग्रॅम असावा. हिशेब सोपा आहे. ३८,००० लिटर पाण्यात क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला ३८ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. १० टक्के द्रव सोडियम हायपोक्लोराइट वापरले, तर सुमारे ३८० मिलिलिटर. ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइटची भुकटी वापरली, तर सुमारे ५८ ग्रॅम. बोअरचे पाणी आधीच कठीण असेल तेथे द्रवरूप बरे, कारण भुकटीने कॅल्शियमची भर पडते. द्रवाची शक्ती मात्र उन्हात आणि साठवणीत घटते. तो थोडा आणावा, सावलीत ठेवावा. ही मात्रा सूर्यास्तानंतर द्यावी, कारण कडक उन्हात उघडा क्लोरीन दोन तासांत बहुतांश उडून जातो.

उन्हापासून क्लोरीनला संरक्षण देण्यासाठी सायन्युरिक आम्ल वापरतात. ते ३० ते ५० पीपीएम पुरेसे असते. बाजारात मिळणाऱ्या ९० टक्क्यांच्या क्लोरीन गोळ्यांत ते आधीच असते. गोळ्यांनी १० पीपीएम क्लोरीन दिला, की त्याबरोबर सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्लही पाण्यात राहते. क्लोरीन खर्च होतो, ते साठत जाते. ते फार वाढले, की क्लोरीनचा जोर मंदावतो आणि ते कमी करण्याचा व्यवहार्य उपाय एकच उरतो: काही पाणी काढून नवे भरणे. गोळ्या सोयीच्या आहेत, परंतु वर्षभर केवळ त्यांवर विसंबणे पाण्याच्या दृष्टीने महाग पडते. मिठावर चालणारे यंत्र बसवले, तरी ते मिठापासून क्लोरीनच तयार करते; तपासणी तेथेही चुकत नाही.

या सर्वांची एक नोंदवही ठेवावी: दिनांक, क्लोरीन, सामू, पंपाचे तास, दाब, घातलेली मात्रा. पाच मिनिटांचे काम आहे. क्लोरीन रोजच्यापेक्षा वेगाने घटू लागला, हे वहीत दोन दिवस आधी दिसते. डोळ्यांना हिरवेपणा नंतर दिसतो. रोजचा हप्ता नियमाने भरणाऱ्याला व्याजाचा डोंगर पाहावा लागत नाही, तसेच हे आहे.

जीवदयेची दोन कामे येथेच नमूद करावीत. तलावात बेडूक, सरड्याची पिल्ले, मधमाश्या पडतात आणि गुळगुळीत भिंतीमुळे बाहेर येऊ शकत नाहीत. एका कोपऱ्यात खरखरीत लाकडी फळी पाण्यात उतरती ठेवावी. तिच्यावरून ते चढून जातात. रोज सकाळी पंप सुरू करण्यापूर्वी जाळीची पेटी पाहून त्यात अडकलेले जीव सोडवावेत.

शेवाळ आलेच तर

इतके करूनही वळवाच्या पावसाने, वीज गेल्याने किंवा घर बंद राहिल्याने शेवाळ येऊ शकते. अशा वेळी पाणी सोडून देण्याची घाई करू नये. तळ दिसत असेल, तर काम दोन-तीन दिवसांचे आहे.

प्रथम पाने आणि गाळ जाळीने काढावा. सामू ७.२ च्या आसपास आणावा. सर्व भिंती घासाव्यात, म्हणजे शेवाळाचा थर सुटून क्लोरीन आतपर्यंत पोहोचतो. सूर्यास्तानंतर मुक्त क्लोरीन सुमारे १० पीपीएमपर्यंत न्यावा. वरील तलावासाठी यास ६५ टक्के भुकटी सुमारे ५८५ ग्रॅम लागते. सायन्युरिक आम्ल जास्त असेल, तर मात्राही जास्त लागते. पंप अखंड चालू ठेवावा. पाणी हिरव्यावरून राखाडी, दुधाळ होते. याचा अर्थ शेवाळ मेले आहे आणि आता ते गाळून काढायचे आहे. फिल्टर वारंवार धुवावा. क्लोरीन घटला, की पुन्हा पूर्वपातळीवर आणावा.

काम संपले की नाही, हे रात्रीच्या कसोटीने कळते. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजावा आणि सूर्योदयापूर्वी पुन्हा मोजावा. रात्री ऊन नसते, म्हणून घट एक पीपीएमपेक्षा अधिक झाली, तर क्लोरीन अजून शेवाळाशी झुंजत आहे असे समजावे. घट त्याहून कमी, पाणी नितळ आणि तळ स्पष्ट, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या, की उपचार थांबवावा. क्लोरीन ४ पीपीएमच्या खाली येईपर्यंत कोणीही पाण्यात उतरू नये.

गढूळ पाण्यात मुलांना उतरू देणे ही सर्वांत गंभीर चूक आहे. हिरव्या पाण्यात बुडालेले मूल काठावरून दिसत नाही. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरणे, हेही तितकेच धोक्याचे. तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी तलाव बंद, एवढा एक नियम घरात सर्वांनी पाळावा. आणि पाणी नितळ असले, तरी मुलांजवळ मोठे माणूस असावेच.

काय करू नये

द्राक्षबागा असलेल्या घरांत मोरचूद हाताशी असते. बोर्डो मिश्रणात कळीच्या चुन्याबरोबर ते वापरले जाते आणि ते शेवाळही मारते. म्हणून मूठभर तलावात टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. तांबे पाण्यात साठते, भिंतींवर डाग पाडते, केसांवर हिरवट झाक आणते आणि असे पाणी ओढ्यात गेले, तर माशांना घातक ठरते. तुरटी मेलेले शेवाळ तळाशी बसवण्यासाठी उपयोगी आहे. ती शेवाळ मारत नाही. तुरटीने बसलेला गाळ फिल्टरकडे न नेता थेट बाहेर काढावा.

क्लोरीन आणि ॲसिड कधीही एकत्र करू नयेत, एकाच बादलीत नाही आणि एकाच फडताळात शेजारी शेजारीही नाही. त्यांच्या संयोगाने विषारी वायू निघतो. क्लोरीन गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट यांचे मिश्रण पेट घेऊ शकते. औषध नेहमी पाण्यात टाकावे, औषधावर पाणी ओतू नये. माप घेणारा चमचाही प्रत्येकाचा वेगळा आणि कोरडा असावा. ही कामे घरगड्यावर सोपवायची असतील, तर त्याला हे सारे समजावून सांगणे आणि हातमोजे व चष्मा देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

पाणी काढावेच लागले, तर ते ओढ्यात किंवा कृष्णेकडे जाणाऱ्या नाल्यात सोडू नये. दोन-चार दिवस क्लोरीन न घालता उन्हात राहू द्यावे, टेस्ट किटवर क्लोरीन शून्य आला, की नारळ-आंब्याच्या झाडांना थोडे थोडे द्यावे. मिठाचे यंत्र असलेल्या तलावाचे पाणी मात्र झाडांना देऊ नये. कृष्णाकाठच्या जमिनींना आधीच क्षारपडीचा त्रास आहे.

पुन्हा गाळण्याकडे

जुन्या घरांत गाळणे वाळत घातलेले दिसले, की त्या घरात पाण्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे, हे पाहुण्याला कळत असे. ते लक्ष नेमाचे होते. सणासुदीपुरते किंवा पाहुणे येणार म्हणून नव्हते. तलावाच्या बाबतीतही सगळा प्रश्न तेवढाच आहे. या चातुर्मासात ताडपत्री टाकून तलाव विसरण्याऐवजी पंप रोज चालवावा, पावसाने पातळ झालेला क्लोरीन मोजून भरावा आणि नोंदवही घरातील दहा-बारा वर्षांच्या नातवाच्या किंवा नातीच्या हाती द्यावी. औषधाला हात मोठ्यांनीच लावावा; मोजणे आणि लिहिणे मुलांनी करावे. ४८ मिनिटांची मर्यादा आजीने जशी शिकवली, तसेच हेही मुले पाहून शिकतील.